रंध्याखाली गेलेली हाक

त्याला सगळे रंधा म्हणत. गाणारे, वाजवणारे, जाहिरातीत "आजच या" म्हणून किंचाळणारे, सगळे. खरं नाव स्टुडिओच्या पाटीवर होतं, पण पाटीवर शेजारच्या टायरवाल्याने ट्यूब टांगलेल्या असत, त्यामुळे ते कुणाच्या वाचनात आलं नाही.

हे नाव वडिलांचीच देणगी. वडील सुतार. घरामागच्या शेडमध्ये त्यांचं बाकडं, करवती, पटाश्या, आणि गुडघ्याएवढी ढलप्यांची गादी. पोराचा धंदा पाहायला ते एकदा स्टुडिओत आले, तासभर बसले आणि निघताना म्हणाले, "मी लाकडाला रंधा मारतो, हा लोकांच्या गळ्याला मारतो. म्हणजे घराण्यात नवीन काही झालं नाही." एका गिटारवाल्याने ते ऐकलं. झालं, नाव पडलं.

आणि ते खोटं नव्हतं. रंध्याच्या स्टुडिओत आवाज जसा शिरेल तसा बाहेर पडत नसे. मध्ये कॉम्प्रेसर नावाचा एक काळा डबा बसलेला होता. त्याचं काम सांगायला सोपं आहे. आवाज फार चढला की तो त्याला खाली बसवतो, आणि मग सगळ्यांनाच मिळून वर उचलतो. म्हणजे ओरडणारा आणि कुजबुजणारा दोघे एका उंचीचे होतात. वर्गात उंच पोरं मागे आणि बुटकी पुढे उभी करून फोटो काढतात ना, तसं. फोटो छान येतो. कोण किती उंच होतं ते मात्र नंतर कळत नाही.

हा डबा त्याने निवडला तेव्हाची गोष्ट. दुकानदाराने दोन यंत्रं समोर ठेवली आणि म्हणाला, "माहितीपत्रकं वाचून काही कळत नाही साहेब. तुमच्या ओळखीतला सगळ्यात आडमुठा आवाज घेऊन या, त्यावर ठरवा."

रंध्याला विचार करावाच लागला नाही. दुसऱ्या दिवशी तो वडिलांना घेऊन हजर.

वडिलांचा आवाज म्हणजे एका गळ्यात दोन माणसं होती. एरवी बोलणं तोंडातल्या तोंडात, लाकडातल्या चुका मोजत पुटपुटावं तसं. आणि मधेच हाक. शेडमधून रंध्याला "बारक्याऽऽ" अशी हाक आली की गल्लीतली सगळी बारकी पोरं, ज्यांची नावं वेगळी होती तीसुद्धा, "ओ" देऊन मोकळी होत.

दुकानात माईकसमोर उभं राहून वडील पुटपुटले, "हे काय, इतकी शांतता! कोण गेलं की काय इथलं?" आणि मग कुठलीही सूचना न देता, "बारक्याऽऽ!"

पहिलं यंत्र सभ्य होतं. त्याच्या आत एक दिवा, आवाज वाढला की तो पेटणार आणि मग दाबणार. दिवा पेटेपर्यंत हाक दाराबाहेर पोचली होती. दुसरं यंत्र काळं, गप्प, चपळ. हाक तोंडातून निघायच्या आतच त्याने तिचं बखोट धरलं. हेडफोनमधून पुटपुटणं आणि हाक दोन्ही एकाच सुरात, शहाण्या भावंडांसारखी आली. रंधा थक्क झाला.

"हेच," तो म्हणाला.

वडीलही खूष. घरी येऊन आईला सांगितलं, "तुला जन्मभर जमलं नाही ते एका डब्याला जमलं. मला आवरलं त्याने."

"मग जेवायलाही त्यालाच वाढायला सांगा," आई म्हणाली.

पुढे कितीतरी वर्षं त्या डब्याने रंध्याला पोसलं. माईक, कॉम्प्रेसर आणि मग नोंद करणारं यंत्र, अशी तार त्याने एकदा जोडली ती जोडलीच. बाकीचे लोक आधी आवाज जसाच्या तसा साठवून घेत आणि कापणं-दाबणं नंतर करत. रंध्याला ते पटत नसे. "नंतर निस्तरू म्हणणारा माणूस आत्ता झोपलेला असतो," असं तो म्हणे. जे काय करायचं ते आवाज आत येतानाच. एकदा तासलं की तासलं.

मग वडिलांचा आवाज बसला. आधी घशात भुसा गेला असेल म्हणून गरम पाणी झालं, मग गोळ्या झाल्या, मग मोठा दवाखाना झाला. गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर बाई चांगल्या होत्या. खुर्ची पुढे ओढून बोलल्या. "जीव वाचेल. पण स्वरयंत्र काढावं लागेल. श्वास गळ्याला भोक ठेवून तिथून. बोलता येणार नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "घरच्यांना त्यांचा आवाज जपून ठेवायचा असेल, तर ऑपरेशनच्या आधी ठेवा."

बाहेरच्या बाकावर आई, ताई आणि रंधा, तिघांच्या मनात एकच आलं. निदान आपल्या घरात त्यासाठी माणूस आहे.

ज्या दिवशी वडील स्टुडिओत आले, त्या दिवशी टायरवाल्याने आपणहून ठोकाठोक बंद ठेवली. ताई बरोबर होती. आई आली नाही. "मला ते कायम ऐकायचंय, निरोप घेतल्यासारखं नकोय," म्हणाली.

वडील खुर्चीत बसले, रॅकमधल्या काळ्या डब्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हाच ना तो, आपला ओळखीचा?"

"हाच."

"बरंय. मला परक्यासमोर बोलायला सुचत नाही."

ताईने हळूच विचारलं, "एक साधंही घेतोस का रे? ह्या डब्याशिवाय? असूदे आपलं."

"साधं म्हणजे काय, कच्चं?" रंधा म्हणाला. "ताई, ज्यांना कुत्रंही ओळखत नाही त्यांचे आवाज मी पॉलिश करून दिले. आणि बाबांचा कच्चा ठेवू?"

ह्या विषयात घरातलं शेवटचं मत रंध्याचं होतं.

वडील बोलले. खोकत, थांबत, पण बोलले. आयुष्यातलं पहिलं कपाट केलं त्याचं दार लागत नव्हतं, आणि गिऱ्हाइकाला "हवा खेळती राहते" असं सांगून ते कसं खपवलं, ते सांगितलं. ताईला म्हणाले, "जावयाला सांग, खुर्चीत नीट बसत जा, मी परत दुरुस्त करणार नाही." मग माईकपासून तोंड बाजूला नेऊन, जवळजवळ ऐकू येणार नाही असं, आईसाठी काहीतरी म्हणाले. त्यात तिचं लाडाचं नाव होतं. त्या घरात लाडाचं नाव आहे हेच दोन्ही मुलांना पहिल्यांदा कळलं.

शेवटी ताई म्हणाली, "बाबा, ती हाक मारा ना एकदा."

"दुखतंय गं."

"एकदाच."

वडिलांनी खुर्चीचे हात धरले. मान वर केली. "बारक्याऽऽ!"

बाहेर टायरवाल्याच्या हातातून काहीतरी पडलं.

आणि रंधा काय बघत होता? सुई. कॉम्प्रेसरच्या काचेतली सुई तळाला आदळली आणि ऐटीत परत वर आली. आवाज कुठे फाटला नाही, कुठे तडा गेला नाही. असं निर्दोष काम त्याने त्याआधी केलं नव्हतं. त्याने अंगठा वर केला. वडिलांचा चेहरा त्या वेळी कसा होता, हे पुढे त्याने ताईला किती वेळा विचारलं. ताई दरवेळी वेगळं सांगायची.

ऑपरेशन झालं. वडील घरी आले ते गळ्याला पांढरी पट्टी बांधून. लिहायला पाटी आणली तर त्यांनी तिची चौकट निरखून पाहिली, कोपऱ्याचा सांधा चुकलाय असं बोटाने दाखवलं आणि बाजूला ठेवली. सुंभ जळला तरी पीळ गेला नव्हता. पण भुशाजवळ जायला डॉक्टरांची सक्त मनाई होती. उघड्या गळ्यात तो थेट आत जातो. म्हणजे एका ऑपरेशनमध्ये बोलणं गेलं आणि हातातला रंधाही गेला.

एका दुपारी आईच म्हणाली, "लाव रे ते आता."

रंध्याने स्टुडिओतले स्पीकर घरी आणले होते. आई पुढे बसली, ताई तिच्यामागे, वडील पलंगावर. कपाटाची गोष्ट झाली, आई हसली. मग लाडाचं नाव आलं. आईने पदर तोंडाशी धरला. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. ते नाव स्पष्ट, खणखणीत, बातम्या सांगितल्यासारखं खोलीभर वाजत होतं.

"हे असं मोठ्याने म्हणाले?"

"नाही, हळूच म्हणाले होते. मी वर घेतलंय. म्हणजे, ते आपोआपच..."

मग हाक आली.

आली म्हणजे नावाच्याच मापाने आली. ना कमी, ना जास्त. शेजारी बसून कुणीतरी "बारक्या" म्हणावं आणि आपण मान वळवून "काय?" म्हणावं, एवढीच. आणि ती संपल्यावर, यंत्राने सगळंच वर उचलल्यामुळे, खुर्चीची करकर आणि वडिलांच्या छातीतली घरघर हाकेइतकीच मोठी होऊन खोलीत पसरली. ती बराच वेळ चालली.

आई स्पीकरकडे बघत राहिली. "ही हाक नाही रे. ती लांबून यायची. हातातलं काम ठेवावं लागायचं. ह्याला कोण उठेल?"

"आवाज वाढवतो," रंधा म्हणाला आणि त्याने वाढवला. खिडकीची काच थरथरली. पण मोठा झाला तो एक जवळ बसलेला, न ओरडणारा माणूस.

"साधं नाही घेतलंस?" आईने विचारलं.

ताईने खाली पाहिलं. ती काही बोलली नाही, हा तिचा मोठेपणा; रंध्याला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

पलंगावर वडिलांचे खांदे हलत होते. सगळे धावले. पण ते हसत होते, बिनआवाजी, गळ्यातल्या भोकातून फुसफुस हवा येत होती. रंध्याकडे बघून त्यांनी दोन्ही हात हवेत धरले, पुढे सरकवले, मागे घेतले, रंधा मारल्यासारखे. मग तळहाताने नसलेली फळी चाचपली. गुळगुळीत. आणि मग हसणं थांबलं, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

रंध्याने पुढे पुष्कळ खटपट केली. हाकेचा एवढासा तुकडा काढून हाताने वर चढवला, आधीचं बोलणं खाली नेलं, घरघर कापली. बाकी काही नाही तरी उंची परत आली. पण उंची म्हणजे जोर नाही. ढलप्या गोळा करून चिकटवल्या म्हणून फळी पुन्हा जाड होत नाही, हे सुताराच्या पोराला कळायला इतकी वर्षं लागली.

डबा त्याने फेकून दिला नाही. पोट त्याच्यावर होतं. फक्त त्याने माईकपासून आणखी एक तार ओढली, थेट, मध्ये काही नसलेली. गिटारवाला म्हणाला, "रंधाशेठ, एका आवाजाच्या दोन-दोन नोंदी? म्हातारपण आलं काय?"

"एक तुझ्यासाठी," रंधा म्हणाला, "आणि एक तुझ्या आईसाठी."

गिटारवाला हसला. त्याला तो विनोद वाटला.

थंडीचे दिवस सुरू झाले तेव्हा वडील पुन्हा शेडमध्ये जाऊन बसू लागले. ताईने सगळा भुसा झाडून, ओल्या फडक्याने पुसून शेड दवाखान्यासारखी करून ठेवली होती. तिथे करायला काही नव्हतं. ते हत्यारं उचलत, बघत, ठेवून देत.

एका सकाळी रंधा चहा घेत होता. शेडमधून ठोका ऐकू आला. लाकडी हातोडा बाकड्यावर. मग दुसरा, जरा जोरात. मग तिसरा असा, की कपाटातली भांडी वाजली.

"जा," आई म्हणाली. "बोलावताहेत."

"कशावरून मला?"

"मला बोलवायला ते बाकडं फोडतील होय?"

"ओ!" रंधा ओरडला. चहा सांडला. चपला न घालताच तो अंगण ओलांडून धावला.

वडील बाकड्यापाशी बसले होते, हातोडा हातात. त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. कुठे मेला होतास, हे सगळं वाक्य त्यांच्या तोंडावर होतं, अगदी शिवीसकट.

"इथेच होतो, बाबा."

वडिलांनी हातोडा खाली ठेवला. काम काहीच नव्हतं.