काकूंनी मोजलेले ठोके

पोस्टमनकाकांना अख्खी गल्ली ‘पळपुटे’ म्हणायची, आणि त्या गल्लीत त्यांच्याइतकं पळणारं माणूस दुसरं नव्हतं! टपालाची पिशवी पाठीशी आवळून हा गडी जिने असे चढायचा, की पत्र घेणारा दार उघडेपर्यंत हे खालच्या मजल्यावर. तरी नाव पडलं पळपुटे. त्याला कारण झाली एक शर्यत, जी काका पळलेच नाहीत.

झालं असं. काका ऐन तिशीत असताना टपालखात्याच्या खेळांत लांब पल्ल्याची शर्यत ठरली. काकांनी नाव दिलं आणि जेवताना घरात सांगितलं. काकूंचा घास हातातच राहिला. सासरे टपाल वाटता वाटताच छातीत कळ येऊन गेले होते. रस्त्यात राहिलेल्या त्यांच्या चपला आणायला काकूच गेल्या होत्या.

“पळा,” काकू म्हणाल्या, “पण नाडी रोज मला दाखवायची. जास्त भरली की शर्यत बंद. आहे कबूल?”

काका कबूल झाले. त्या घरात दिलेला शब्द मोडायची सोयच नव्हती.

काकू शिवणकाम करायच्या. दवाखान्यातल्या कंपाउंडरची विजार सैल करून देता देता त्यांनी त्याच्याकडून ही विद्या उचलली. पळून आलेल्या माणसाला आधी दम खाऊ द्यायचा, मग मनगटावर दोन बोटं टेकवून मिनिटभर ठोके मोजायचे; शंभराच्या आत असले की बिनघोर. अडचण एकच होती. सुया टोचून टोचून काकूंच्या बोटांची टोकं चामड्यासारखी झालेली, त्यांना काही लागेचना. शेवटी त्यांनी अंगठा दाबून पाहिला, आणि ठोके कसे ठणठणीत लागले.

तेव्हापासून काका सकाळी पळून यायचे, उंबऱ्यावर बसायचे आणि शाळेत छडी खायला करावा तसा हात पुढे करायचे. काकूंचा अंगठा मनगटावर, डोळे भिंतीवरच्या घड्याळावर. मग कपड्यावर खुणा करायच्या खडूनं दारामागे आकडा लिहायचा, कालचा पुसून. आधी तो नव्वदीत असायचा. काका रोज धडधाकट परतू लागले तसा आकडाही उतरत गेला. छाती तयार होतेय म्हणून काका हुरळले, काकूही हसू लागल्या. पोरगी अजून झोपलेली, चहाची वाफ, आणि मनगटावर तो खरखरीत अंगठा! पुढे पेन्शनीत काका कधी नुसते बसले, की आपोआप स्वतःचं मनगट चोळायचे, ते त्या सकाळींपायी.

शर्यतीच्या दिवशी मात्र आकडा चढला एकशेवीसवर. पुन्हा मोजला तर आणखी वर. काकांना बसल्या जागी कसं अगदी निवांत वाटत होतं. पण शब्द तो शब्द. त्यांनी बुटांच्या नाड्या सोडल्या. मैदानावर त्यांच्या नावाचा पुकारा होत होता, तेव्हा काका घरात काकूंना बटणं लावून देत बसले होते. दुसऱ्या दिवशी टपाल निवडण्याच्या टेबलावर सोबत्यांनी नामकरण उरकून टाकलं.

वर्षं गेली. आणि यंदा खात्याला काय सुचलं कोण जाणे, पेन्शनरांचीही शर्यत ठेवली, मैदानाला चार फेऱ्यांची. काकांनी पुन्हा नाव दिलं. काकूंनी पुन्हा तीच अट घातली. लेकीनं बाबांना ठोके मोजणारं घड्याळ आणलं.

शर्यतीच्या आदल्या सकाळी काका पळून आले, दम खाल्ला, हात पुढे केला. घड्याळ म्हणालं बहात्तर. काकू म्हणाल्या एकशेदहा.

“नाव काढून घ्या,” काकू म्हणाल्या. “घड्याळाला काय, ते कुणाचंही चांगलंच सांगणार.”

काकांचा चेहरा पडला. वाद घालणं लेकीला मंजूर नव्हतं. तिनं बाबांच्या हातातलं घड्याळ काढून आईच्याच मनगटाला बांधलं आणि बाबांची नाडी पुन्हा धरायला सांगितली. काकूंनी मोजली, एकशेदहा. घड्याळातही एकशेदहा.

“आई,” लेक हळूच म्हणाली, “अंगठ्यालाही स्वतःचे ठोके असतात गं. तू तुझेच मोजतेस.”

काकूंनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, “म्हणजे त्या दिवशी तुमची शर्यत मी बुडवली.”

काका त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. दारामागचे ते पुसलेले सगळे आकडे, ते उतरणं, तो एकशेवीस.

“छाती माझी तयार होतेय म्हणून मी मिशीला पीळ देत होतो,” ते म्हणाले, “आणि पळत होतीस तू. जरा सांगायचंस की, सोबत तरी केली असती.”

काकूंनी डोळे पुसता पुसता त्यांना ढकललं. मग काकांनीच अट घातली, की उद्या घड्याळ तू बांधायचंस; शंभराच्या वर गेलं तर मी थांबेन.

दुसऱ्या दिवशी काकू मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. काका पहिली फेरी संपवून समोरून जाताना ओरडले, “किती?”

काकूंनी घड्याळावर तळहात घट्ट दाबून धरला.

“ऐंशी,” त्या म्हणाल्या. “पळा तुम्ही.”