तीन सत्त्या

नववीत शाळा सोडलेल्या माणसाला सर्व्हरच्या खोलीत कोण उभं करतं? ताईंनी केलं. बहिणीच्या पाठोपाठ मी अमेरिकेत चँडलरला आलो, तेव्हा गोदामात खोकी उचलत होतो. ह्या ताई मूळच्या नागपूरच्या, इथे बहिणीच्या शेजारी राहणाऱ्या. वर्षभर घरी बसवून त्यांनी मला लिनक्स शिकवलं आणि स्वतःच्या शब्दावर आपल्याच हाताखाली कामाला लावलं.

त्या दिवशी एका क्लायंटच्या सहा सर्व्हरवर बॅकअपचं सॉफ्टवेअर टाकायचं होतं. इन्स्टॉलर अडला, ताईंच्या लॉगिनच्या होम फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नाही म्हणे. इंग्रजी वाचताना माझी दमछाक होते, आकडे मात्र कळतात. ताईंना विचारायची लाज वाटली. मी परवानगीचा आकडा ७७७ केला, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. सहाही ठिकाणी. सॉफ्टवेअर गुमान बसलं.

दहा मिनिटांत ताईंचा घरून फोन. "अरे, मला लॉगिन करू देत नाहीये. परमिशन डिनाइड. सहाच्या सहा! तू काही बदललंस का?"

"नाही ताई. नुसतं इन्स्टॉल केलं."

इतक्या सहज बोललो की क्षणभर मलाच खरं वाटलं. त्यांनी फायरवॉल बघायला लावली, त्यांची की, म्हणजे लॉगिनची डिजिटल किल्ली, जागेवर आहे का ते बघायला लावलं. होती. दोन तास गेले. मधेच त्या दुसऱ्या फोनवर क्लायंटला सांगताना ऐकू आल्या: माझ्या माणसाने सगळं तपासलंय, गडबड तुमच्याच नेटवर्कमध्ये असणार.

माझ्या माणसाने. त्या माझ्या फोनवर परत आल्या तसं मी सांगून टाकलं.

"ताई, मी होम फोल्डरला ७७७ केलं होतं."

त्यांनी मला आकडा पुन्हा सांगायला लावला.

"तीन सत्त्या? तीन पत्ती खेळतोयस का यार? आता त्या फोल्डरमधली माझी की कुणीही बदलू शकतं. म्हणून सर्व्हर ती की खरी मानतच नाहीयेत."

सहाही ठिकाणी आकडा ७०० केला, म्हणजे फक्त मालकाला मोकळं, तशा त्या आत शिरल्या. मग त्यांनी क्लायंटला फोन करून "चूक माझी" म्हणत माफी मागितली. माझा उल्लेखही नाही.

मला म्हणाल्या, "चुकलास ते चालतं रे. पण दोन तास लपवून मला क्लायंटशी खोटं बोलायला लावलंस."

नोकरी राहिली, त्यांच्याचमुळे. हे उपकार फिटायचे नाहीत. पण आता मी काही बघून "ठीक आहे" म्हटलं, की त्या "बरं" म्हणतात आणि पुन्हा स्वतः तपासतात.