गोजरबाईच्या पायघड्या

आधीच सांगून ठेवतो, जेवायला बसायच्या आत हे वाचू नका. मला स्वतःला हे सांगताना आजही किळस येते, आणि ज्याची किळस येते त्यात मी पण आहे.

श्रीरामपूरपासून सायकलवर तासाभराच्या अंतरावर आमचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारखान्याचंही नाही. साखर कारखाना होता, त्याला चिकटून दारूची फॅक्टरी होती, आणि १९७० साली मी तिथे टाक्यांवर हंगामी कामगार म्हणून लागलो होतो. एवढं पुरे.

वॉश हा इंग्रजी शब्द मला दानीएल मास्तरांनी पाचवीत शिकवला. वॉश म्हणजे धुणे. मास्तर मिशनच्या शाळेत शिकलेले, शब्द घोटून घ्यायचे. पुढे हाच शब्द जिथे तिथे भेटायला लागला. कुणी औषध प्यालं की श्रीरामपूरच्या दवाखान्यात नळी घालून पोट धुवायचे, तो वॉश. पंधरा ऑगस्टच्या आधी शाळेच्या भिंतींना चुना फासायचे, तोही वॉशच. पोलीस हातभट्टीवर धाड घालायचे आणि पंचनाम्यात लिहायचे, चार डबे वॉश जागीच ओतून नाश केला. आणि आमच्या फॅक्टरीत साखर काढून उरलेली चिकट मळी टाकीत आंबायला घातली, की तिच्यावर फेस चढून जे रटरटायचं, त्यालाही साहेब लोक वॉशच म्हणायचे. त्यातली दारू काढून घेतली की उरायचा तो स्पेंट वॉश. काळा, गरम, सडलेल्या गुळासारखा, खाली मेलेली घूस पडल्यासारखा वास मारणारा. धुण्याच्या शब्दाला एवढी घाण चिकटवणाऱ्या माणसाला माझा कोपरापासून नमस्कार. हा सगळा माल आम्ही आमच्या ओढ्यात सोडायचो.

आणि त्याच ओढ्यावर गोजरबाई गावाचं धुणं धुवायची.

गोजरबाई जातीची परटीण. उंच, काळी, दातांना मिश्री, आणि सोड्यानं हातांना कायमच्या भेगा. नवरा भीमा सर्पदंशानं गेला तेव्हा ती पंचविशीची होती. दिरानं म्हटलं, चल मुंबईला. ती गेली नाही. गाढव घेतलं आणि साठ घरांचं धुणं एकटीनं ओढलं. प्रत्येक घराच्या कपड्याला कोपऱ्यात बिब्ब्याची खूण असायची. आमची दोन ठिपके आणि खाली आडवी रेघ. सुगीला घराघरातून धान्य मिळायचं, लग्नकार्यात मान मिळायचा. तोंडाची मात्र फटकळ. कुणी सदऱ्याच्या खिशात विडीची थोटकं ठेवली तर तिथल्या तिथे सात पिढ्यांचा उद्धार करायची.

पण एक गोष्ट तिच्यासारखी मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. गावाचं सगळं तिला कपड्यांवरून कळायचं. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कोण म्हातारा अंथरुणात करतो, कुणाच्या लुगड्यावर माराचं रक्त आहे. यातलं एक अक्षर तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, धुनं पान्यात सोडलं की त्यातलं बोलनं बी पान्यात सोडायचं. मी नऊ वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचो. हे आईला ठाऊक होतं आणि गोजरमावशीला. पोरांना कळतं तर मला गावात राहणं नको झालं असतं.

तर या बाईच्या ओढ्यात आम्ही ती काळी पेज सोडली. पहिल्या महिन्यात मासे पोट वर करून तरंगले. मग बेडूक गेले. दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर चढला, त्यावर हिरव्या माश्यांचं मोहोळ. गाढव पाण्याला तोंड लावीना. धोतर पांढरं पाण्यात घालावं आणि चहात बुडवल्यासारखं वर काढावं. गोजरबाईच्या हातांच्या भेगांत पू झाला. आणि लोक काय म्हणाले? कारखान्याला कुणी काही म्हणालं नाही. ऊस तिथेच घालायचा होता. लोक तिलाच म्हणाले, परटीण कामचुकार झाली. दहा-बारा घरांनी धुणं बंद केलं. थुंकावंसं वाटतं अशा लोकांवर, पण त्यात आमचे भाऊबंदच होते.

ती फॅक्टरीत आली होती एकदा. मी टाकीवर होतो. केमिस्ट साहेबानं नाकाला रुमाल लावून तिला सांगितलं की बाई, हे खत आहे, पिकाला चांगलं असतं. स्वतः मात्र श्रीरामपूरहून पिण्याचं पाणी मागवायचा. ती तशीच दानीएल मास्तरांकडे गेली आणि सरकारला अर्ज लिहून घेतला. मास्तरांनी खाली लिहिलं, पंचांसमक्ष पाहणी व्हावी.

एकाहत्तरच्या दिवाळीनंतर पाहणीची तारीख आली तेव्हा मला साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, रंगनाथ, दोन दिवस ओढ्याकडचा व्हॉल्व्ह बंद ठेव, आणि पाटाचं पाणी ओढ्यात सोडून घे, चांगलं खळखळून जाऊ दे. पंच म्हणून तू उभा राहा, गावातला आहेस. मग सहज बोलल्यासारखं म्हणाला की कायम करायच्या लोकांची यादी पुढच्या महिन्यात निघतेय. माझ्या बहिणीचं, चांगुणाचं लग्न पुणतांब्याच्या स्थळाशी ठरत होतं. मुलाकडच्यांनी विचारलं होतं, भाऊ कायम आहे का.

मी व्हॉल्व्ह बंद केला. मी पाट फोडला. दोन दिवस ओढा धुतला. तिसऱ्या दिवशी सरकारी माणूस जीपमधून आला, काठावरून पाहिलं, बाटली भरली. पाणी स्वच्छ, वास नाही, धुण्यापिण्यास योग्य, असं पंचनाम्यात लिहिलं. त्याखाली मी सही केली. अक्षर चांगलं आहे माझं, दानीएल मास्तरांनी वळवलेलं. गोजरबाईपुढे अंगठ्याची शाई धरली तर तिनं हात पदरात घेतला. माझ्याकडे पाहिलं आणि गाढव हाकत निघून गेली. संध्याकाळी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला तोही मीच.

मला वाटलं, आता हिच्या शिव्या खाव्या लागणार. तसं काहीच झालं नाही. उलट दुसऱ्या आठवड्यापासून आमचे कपडे पुन्हा पांढरे येऊ लागले, नीळ दिलेले, कडक. पहिल्यासारखे. मी काय समजलो असेन? मी समजलो, ओढा सुधारला. साहेबालाही तसं सांगितलं. वास नाकात भरत होता आणि मी सदऱ्याकडे पाहून म्हणत होतो, पाणी चांगलंय. माणूस किती हलकट होऊ शकतो ते मला दुसऱ्याकडून शिकावं लागलं नाही.

बहात्तरच्या वैशाखात चांगुणाचं लग्न दारात आलं. वऱ्हाड शाळेत उतरलं होतं. आमच्याकडे वरमाईला जानवशापासून मांडवापर्यंत पायघड्यांवरून आणतात, आणि पायघड्या घालायचा मान परटाचा. घराघरातली धुतलेली धोतरं, लुगडी अंथरायची, ती चालेल तशी मागची उचलून पुढे घालायची. वरमाई आक्काबाई, गोदाकाठची, अंगानं जाड आणि स्वभावानं कडक. वाजंत्री वाजत होती. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. गोजरबाईनं गाठोडं सोडलं आणि पहिलं धोतर अंथरलं.

ते माझंच होतं, कोपऱ्यात आमचे दोन ठिपके आणि रेघ. मळीच्या रंगाचं, वाळून पापडासारखं कडक झालेलं. दुसरं तसंच, तिसरं तसंच. उन्हानं वास असा उठला की वाजंत्रीवाल्यानं सनई तोंडातून काढली. आक्काबाईंनी उचललेलं पाऊल तसंच धरलं आणि पदर नाकाला लावला. मी पुढे झालो, मावशीला दबक्या आवाजात म्हटलं की हे काय आणलंस, विहिरीवर धुवायच्या होत्या. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जन्मभर जिनं कुणाच्या घरातलं काही बोलून दाखवलं नव्हतं, ती सगळ्या वऱ्हाडासमोर आक्काबाईंना म्हणाली,

"चाला विहीनबाई. वढ्याच्या पान्यात धुतल्यात. पानी निर्मळ हाय, धुन्यापिन्याला चांगलं हाय, आसं तुमच्या सुनंच्या भावानं सरकारला सही करून दिलंय. मी अडानी बाई. शिकल्याल्या मानसाच्या सहीवर भरोसा ठेवला."

आक्काबाईंनी मला विचारलं, "सही तुमची हाय?"

मी म्हटलं, "हाय."

"मंग वास कशाचा येतो?"

मी खाली पाहत राहिलो. आक्काबाईंनी पाऊल बाजूला टाकलं आणि पायघड्या सोडून तापल्या फुफाट्यातून अनवाणी चालत मांडवात गेल्या. जाताना आईला एवढंच म्हणाल्या, "पोरीचा दोष न्हाई, लगीन लागू द्या. पर तुमच्या घरचं पानी मी घेनार न्हाई." घेतलंही नाही. पंगतीत वऱ्हाड जेवलं ते वाटेत प्यायला म्हणून पुणतांब्याहून बैलगाडीत आणलेल्या घागरींतलं पाणी पिऊन.

गोजरबाईनं पायघड्या गोळा केल्या. मानाचा नारळ-खण आईनं पुढे केला, तो तिनं घेतला नाही. दुसऱ्या दिवशी ती गाव सोडून श्रीरामपूरला इस्त्रीच्या कामाला गेली. आमच्या दारात आमचे राहिलेले कपडे ठेवून गेली होती. ते सगळे पांढरेशुभ्र होते.

मी ते घेऊन दानीएल मास्तरांकडे गेलो. विचारलं, हे कुठल्या पाण्यात धुतले हो? मास्तरांनी सदरा हातात घेऊन कोपऱ्यातली खूण पाहिली. मग म्हणाले, सही झाल्यापासून ती रोज दीड कोसावर पाटावर जात होती, सगळ्या गावाचं धुणं गाढवावर लादून. गाढवाची पाठ सोलली तेव्हा अर्धं स्वतःच्या डोक्यावर घ्यायची. मास्तरांनी तिला म्हटलं होतं, निदान त्या रंगनाथाचे तरी ओढ्यात धू. तर म्हणाली, घरचं धुनं हाय, वाईट कसं देऊ. सबंध सहा महिन्यांत तिनं त्या ओढ्यात धुतल्या त्या फक्त पायघड्या.

यादीत नाव आधीच लागलं होतं, कायमचा कागद मला जूनमध्ये मिळाला. तीस वर्षं नोकरी केली, व्हॉल्व्ह उघडत आणि झाकत.

नागपंचमीला चांगुणा पहिल्यांदा माहेरी आली. ओढ्यावरून येताना तिनं पदर नाकाला लावलेला मी लांबून पाहिला. आईनं तिच्यापुढे पाण्याचा लोटा धरला. चांगुणानं पिशवीतून फिरकीच्या झाकणाचा, पाण्यानं भरलेला तांब्या काढला, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नको आई. मी माझं आणलंय."