रेडिएटरची हळद

माझी मोटरसायकल साताऱ्याची आणि मीही साताऱ्याची. गाडी लग्नाआधी स्वतःच्या पगारातून घेतलेली आणि लग्नानंतर ट्रकमध्ये घालून म्हैसूरला आणलेली. चामराजपुरमच्या घरी सासूबाई आम्हा दोघींना एकाच नावाने ओळखत. कुणी आलं की माझ्याकडे हात करून, "ही साताऱ्याची," एवढंच. सून म्हणायला जीभ अडत होती की काय, कोण जाणे. मला ते झोंबायचं.

सासरचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले. घरात मराठीच, पण त्यात निम्मं कानडी कालवलेलं. एक दिवस सासूबाईंची दारातून हाक आली, "अगं, तुझी गाडी सोरतेय बघ." मला वाटलं, सरकतेय. धावत गेले तर गाडी जागच्या जागी उभी आणि खाली रांगोळीवर हिरवे थेंब. आमच्याकडे जे गळतं ते यांच्याकडे सोरतं. इंजिन गार ठेवणारं कूलंट रेडिएटरमधून ठिबकत होतं.

नवऱ्याला निमित्तच हवं होतं. "कधीचा सांगतोय, विकून टाक, स्कूटर घेऊ. रविवारी ऑफिसमधला एक जण बघायला येतोय." म्हणजे मला न विचारता गिऱ्हाईकसुद्धा ठरवून मोकळा! डोक्यात तिडीक गेली. हूटगळ्ळीला कामावर मी त्याच गाडीवरून जायची. माहेरचं म्हणावं असं माझ्याजवळ तेवढंच उरलं होतं. म्हटलं, रविवारच्या आत दुरुस्त करून आणते, मग बघू कोण विकतो ते.

लष्कर मोहल्ल्यातल्या मेकॅनिकने रेडिएटर सोडवला, त्याची तोंडं बंद करून पाण्याच्या टबात बुडवला आणि आत हवा भरली. एका कोपऱ्यातून बारीक बुडबुडे यायला लागले. सुईच्या टोकाएवढं भोक. ती जागा घासून, कोरडी करून त्याने दोन ट्यूबांतला मसाला कालवला आणि काडीने भोकात दाबला. तो वाळल्यावर रेडिएटर बसवून साधं पाणी भरलं. मी निघताना म्हणाला, "नाळे हळदि हाकि."

माझं कानडी भाजीबाजारापुरतं. नाळे म्हणजे उद्या, हाकि म्हणजे घाला. आणि हळद तर आपलीच. कापलेल्या बोटावर हळद दाबतात, मग भोकाला का नको? मला तो माणूस भलताच शहाणा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना झाकण उघडलं, स्वयंपाकघरातली दोन चमचे हळद आत घातली आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवली. सासूबाई रांगोळी घालायला बाहेर आल्या. "काय गं हे?" मी सांगितलं. त्यांनी हळदीच्या डब्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि पायरीवर बसून हसायला लागल्या. पदराने डोळे पुसायचे आणि पुन्हा हसायचं.

"अय्यो, हळदि म्हणजे पिवळं गं. हळदीला कानडीत अरिशिन म्हणतात. पिवळं कूलंट घाल म्हणाला असेल तो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेकॅनिक मात्र हसला नाही. त्याने रेडिएटर दोन-तीनदा धुतला, गटारातून पिवळं पाणी वाहत गेलं, मग त्याने स्वतःच ते पिवळं कूलंट भरलं. गळती थांबली. ती मसाल्याने थांबली हे उघड आहे, पण सासूबाई अजून आपल्या हळदीचंच नाव घेतात.

रविवारी गिऱ्हाईक आलं. नवरा गाडीचे गुण सांगायला लागला. मी दारात हाताची घडी घालून उभी, भांडायच्या तयारीत. तेवढ्यात सासूबाई आतून कॉफी घेऊन आल्या. पाहुण्याच्या हातात पेला देऊन मुलाला म्हणाल्या, "साकु!" म्हणजे पुरे. "बास कर आता. ही गाडी विकायची नाही."

"का?"

"तिला हळद लागलीय, माझ्याच डब्यातली. हळद लागली की ती या घरची झाली. साताऱ्याची होती, आता नाही."

पाहुणा कॉफी पिऊन गेला. नवरा काहीतरी पुटपुटत अंघोळीला गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून पोटभर रडले. मलाही हळद लागून दोन वर्षं झाली होती. सासूबाई मागून आल्या आणि भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "तुलापण तेच सांगितलं गं. सगळं काय वेगळं सांगायला लागतं?"