दादाची चेअरलिफ्ट आणि आईचा राग

माझा भाऊ गेला त्या दिवशी आई त्याच्या मृतदेहाशी भांडत होती.

"त्या झोक्यापायी गेला तू. मले सांगतलं काहून नाई?"

आज त्याला एक वर्ष झालं.

झोका म्हणजे चेअरलिफ्ट. दादा इंजिनियर होता, रोपवेचं डिझाइन करायचा. वऱ्हाडातल्या मेडशीचा पोरगा, कॉलेजला जाईपर्यंत बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला. तो हिमाचलातल्या एका स्की रिसॉर्टची जुनी लिफ्ट काढून नवी बसवत होता.

आई शेजारणींना सांगायची, "पहाडात पाळने बसोते तो." त्यांना वाटायचं, जत्रेतले. बिचाऱ्या काळजीने विचारायच्या, पगार तरी वेळेवर होतो का.

जुनी लिफ्ट दोन माणसांची होती. खुर्ची मागून भरधाव यायची आणि गुडघ्यामागे दणकन आपटायची. बसलात तर बसलात, नाहीतर बर्फात लोळण.

दादा म्हणायचा, "पिंके, बाहेरच्या देशात लिफ्टवर स्की घातलेले लोकं बसतात. आपल्याकडं कोन बसते? साडीवर भाड्याचे गमबूट घातलेल्या बाया. त्याहिच्यासाठी करा लागते हे."

म्हणून नव्या डिझाइनमध्ये चौघांची खुर्ची स्टेशनात आली की दोरावरून सुटते, सावकाश पुढे सरकते, आणि माणूस नीट बसला की पुन्हा दोर पकडते. मीटिंगमध्ये तो यासाठी फार भांडला म्हणे. भांडण आमच्या घराण्यातच आहे.

सीटची उंची ठरवायची होती तेव्हा त्याचा मला फोन. "आईच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंत टेप लाव."

मी लावला. आई म्हणाली, "काय शिवून राह्यला तो मले?"

"खुर्ची."

"मी नाई बसत बापा."

डोंगरावर असं काम बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच करता येतं. खांबांचे पाये, दोर, मोटर, सगळं तेवढ्यातच.

त्याच उन्हाळ्यात दादाचं पोट दुखायला लागलं. आम्हाला तो बोललाच नाही. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या होत्या. त्याने ठरवलं, बर्फ पडला की करू.

बर्फ पडला. लिफ्ट सुरू झाली. तपासणीत कॅन्सर निघाला, फार पुढे गेलेला.

मला त्याचा राग येतो. आजही येतो. आठवणीच्या पोस्टमध्ये सगळे गोडच लिहितात, मला ते जमत नाही.

मागच्या महिन्यात आईला घेऊन तिथे गेले. ती एका अटीवर आली. "मी खाली उभी राहीन. तू जाय."

आता मेडशीच्या स्टँडवर ज्यांनी एसटी पकडली आहे त्यांना पुढचं लगेच कळेल. गाडी नीट थांबायच्या आत खिडकीतून रुमाल नाहीतर पिशवी सीटवर टाकायची. मग ती जागा आपली. कंडक्टरसुद्धा काही बोलत नाही.

लिफ्टच्या रांगेत गर्दी होती, मागून रेटारेटी. आईने रिकामी खुर्ची येताना पाहिली. आपल्या पोरीची जागा जाणार असं वाटलं तिला. तिने हातातली पिशवी नेम धरून सीटवर टाकली.

"बस पटकन! जागा धरली!"

मी हलेपर्यंत पिशवी निघाली. एकटीच. आत आईचा चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि भाकर-ठेचा.

अख्खी रांग हसायला लागली. लिफ्टवरचा माणूस म्हणाला, "माताजी, फिकर मत करो. ऊपर फोन करता हूँ, वापस आ जाएगी."

आई हसत नव्हती. ती पिशवीकडे बघत होती. खुर्चीच्या पाठीला टेकून पिशवी देवदारांवरून निवांत वर चालली होती.

"हिसका नाई बसला तिले," आई म्हणाली.

मग माझा हात धरला. "चाल."

पुढची खुर्ची सावकाश आली. घरी ओट्यावर बसते तशी आई तिच्यावर बसली.

अर्ध्या वाटेपर्यंत ती येणारा एकेक खांब बघत होती. मग म्हणाली, "मले त्याच्या कामाचा राग नाई वं पिंके. दुखनं लपोलं त्यानं, त्याचा हाय. तो नाई जात."

मी म्हटलं, "माहाबी तोच हाय."

मग दोघी रडलो. खाली सगळा बर्फ, मध्ये आम्ही लटकलेल्या. वर्षभरात पहिल्यांदा आम्ही एकत्र रडलो, आणि फार बरं वाटलं.

वर एक माणूस पिशवी घेऊन उभा होता. आईने पिशवी घेतली आणि तिच्या हिंदीत विचारलं, "ये झोका किसने बनाया, मालूम है?"

तो नवा होता. त्याने नाही म्हणून मान हलवली.

"मेरे लडके ने."

मग मागून उतरलेल्या जोडप्याला सांगितलं. मग मॅगीवाल्याला. खाली येताना आमच्या खुर्चीवर एक पंजाबी बाई होती, तिला तर दादाच्या शाळेपासून सगळं सांगितलं, तेही वऱ्हाडीत. ती बाई शेवटपर्यंत ऐकत होती.

दादा, वर्षभर आईने तुझं नाव फक्त भांडायला घेतलं. त्या दिवशी तिला थांबवणं मला जमेना. थांबवायचंही नव्हतं.

आई बसली रे तुझ्या लिफ्टवर. खाली आल्यावर म्हणाली, "अजून एक डाव." मग पुन्हा बसली.

जय भीम, दादा.

तुझी पिंकी