धुळाआबांची दोरी

माझ्या नवऱ्याला माझं सगळं ठाऊक आहे. दहावीला गणितात गटांगळी खाल्ली होती, तेसुद्धा. ही एक गोष्ट तेवढी त्याला ठाऊक नाही. माहेरी, खंडाळ्याला, आईजवळ दोनदा अगदी ओठांवर आली होती, आणि दोन्ही वेळा मी चहा टाकायला म्हणून उठले. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुधा जमतंय.

पण आधी एक सांगून टाकते – मी काही झुरत बसलेली बाई नाही. कराडला आमचं घर आहे, नवरा फौजेतून निवृत्त होऊन ऊस बघतो, आणि ऊस बघता बघता मला सांगतो की सैन्यात कसं सगळं वेळेवर असायचं. मी साखर कारखान्याच्या शेती ऑफिसात आहे. कुठल्या गावात उसाची लागण कधी झाली, कुणाचा ऊस कधी तुटला, असल्या नोंदींचे आलेख काढते. हे काम मला मनापासून आवडतं. सकाळी ऑफिसात शिरताना मला बरं वाटतं – किती लोकांना असं म्हणता येतं? सुखी आहे मी. हे लपवून काय करू?

आलेख मला कुठल्या कॉलेजानं शिकवले नाहीत. मी आपली बी. कॉम. ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर आलं, कुणालाच येईना, तेव्हा इंटरनेटवर ते वापरणाऱ्यांचा एक गट सापडला. दर सोमवारी तिथं सगळ्यांना एकच आकडेवारी मिळायची. ज्यानं त्यानं आपापला आलेख काढून टाकायचा, बाकीच्यांनी बोलायचं. माझ्या पहिल्या आलेखात चौदा रंग होते. कुणीतरी खाली लिहिलं, ‘ताई, ही आकडेवारी आहे की रंगपंचमी?’ मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे जाधव बघायला आले. ओळख ना पाळख, पण ही माणसं तासन्‌तास बसून माझ्या चुका दाखवायची. त्यांच्याकडूनच शिकले – की आलेख सजवायचा नसतो, बघणाऱ्याला वाट दाखवायची असते.

मग कराडातच असा गट निघाला. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी, इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका वर्गात. तिथले एक प्राध्यापक किल्ली घेऊन यायचे, त्यांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. दहा-बारा माणसं – दूध संघातली, बँकेतली, दोन-तीन शिक्षक. सरांनी एक पद्धत घातली होती. प्रत्येकाला एक जोडीदार. नवा आलेख सगळ्यांपुढं न्यायच्या आधी जोडीदाराला दाखवायचा, आणि त्याच्या शब्दावर दुरुस्त करायचा. नियम एकच – जोडीदारानं मनातलं खरं तेच सांगायचं. तोंडदेखलं कौतुक नको, उगाच खोडही नको.

माझे जोडीदार होते बिरू गुरुजी. आटपाडीकडच्या एका गावात प्राथमिक शिक्षक. पहाटेच्या एसटीनं निघून, विट्याला गाडी बदलून यायचे, आणि तरी माझ्याआधी पोचलेले असायचे. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, पण मला ‘ताई’ म्हणायचे, कारण मी गटात आधी आलेली. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. गुरुजी घरातले पहिले नोकरदार. वडील, धुळाआबा, तेव्हाही दिवाळीनंतर कळप घेऊन पश्चिमेला निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे.

आता ते सांगायलाच पाहिजे.

त्या वर्षी पुण्याला या सॉफ्टवेअरवाल्यांचा मोठा मेळावा होता. प्रत्येक गावच्या गटानं एक माणूस निवडून पाठवायचा. त्यानं स्टेजवर उभं राहून आपला आलेख समजावून सांगायचा. आमच्या गटातून मीच जाणार असं मी धरून चालले होते. कुणी म्हटलं नव्हतं, मीच धरलं होतं. साडीसुद्धा ठरवली होती – निळी, बारीक काठाची. माझा आलेख होता तयार झालेला ऊस तोडीची वाट बघत किती दिवस उभा राहतो त्याचा. चांगला होता. आजही म्हणते, चांगलाच होता.

निवडीच्या आधीच्या बैठकीला गुरुजींनी लॅपटॉप उघडून त्यांचा आलेख माझ्यापुढं ठेवला.

धुळाआबांना लिहिता-वाचता येत नाही. वाटेवर असताना ते एक दोरी बाळगतात. राहुटीच्या खुंटीला ती टांगलेली असते. पहिला मुक्काम झाला की खालच्या टोकाला एक गाठ, पुढचा मुक्काम झाला की तिच्या वर दुसरी. चाल लांबली तर दोन गाठींत अंतर जास्त, एकाच जागी बरेच दिवस राहिलं तर गाठीवर गाठ. कोकरू झालं की लाल दोरा, मेंढरू गेलं की काळा. अशी सबंध वर्षाची वाट त्या दोरीवर खालून वर चढत जाते. गुरुजींनी ती दोरी वीत-वीत मोजून, जशीच्या तशी आलेखात उतरवली होती. उभी एक रेघ. तिच्यावर ठिपके. लाल, काळे. वर पश्चिमेकडं जाताना लाल दाटत गेलेले, आणि एका जागी काळे इतके लागोपाठ, की माझा हात आपोआप छातीवर गेला. काहीही समजावून न सांगता मला कळलं – इथं अवकाळी पावसानं गाठलं त्यांना.

‘‘आबांनी लगीच वाचला, ताई,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘पडद्यावर बोट लावून खालनं वर मला सांगत गेले. हितं गारा, हितं खतासाठी शेतात बसवलेली मेंढरं, हितं तुझ्या आईचा सांगावा आला. लय हरकले.’’

असला आलेख मी तोवर पाहिला नव्हता. इंटरनेटवर नाही, कुठंच नाही. तो पुण्याला गेला असता तर लोक उभे राहिले असते, हे मला पहिल्या मिनिटात कळलं.

आणि मग मी काय म्हणाले?

मी म्हणाले, ‘‘गुरुजी, वेळ नेहमी डावीकडून उजवीकडं दाखवायची असते. खालून वर कुणी वाचत नाही. पुण्याची माणसं हसतील.’’

त्यांनी पुन्हा पडद्याकडं पाहिलं. मग चाचरत म्हणाले, ‘‘पर आबांना तर...’’

‘‘आबा काय परीक्षक आहेत का?’’

हे मी हसत हसत म्हणाले. गोड आवाजात. वहीत व्यवस्थित काढूनही दिलं – खाली महिने, उभे स्तंभ, प्रत्येक महिन्यात किती मुक्काम, कोकरांचा एक रंग, गेलेल्या मेंढरांचा दुसरा, उजवीकडं रंगांची सूची. तासभर बसून शिकवलं मी त्यांना! बघणाऱ्याला वाटावं, काय ही बाई, स्वतःची तयारी सोडून दुसऱ्यासाठी राबतेय. मी सांगितलेला नियम पुस्तकी होता आणि तसा बरोबरही होता, हीच त्यातली गोम. माझं खोटं पकडायला कुणाला जागाच नव्हती. असूयेनं पोटात दुखतं म्हणतात – मला तर त्या तासात काही दुखलंसुद्धा नाही. छान वाटत होतं.

निवडीच्या दिवशी गुरुजी धुळाआबांना घेऊन आले. हे मला माहीत नव्हतं. खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल पटका, पायताण दाराबाहेर काढून ठेवलेलं. आपली वाट भिंतीवर लागणार म्हणून म्हातारा आटपाडीहून आला होता. गुरुजींचा आलेख पडद्यावर आला. नीटनेटका. स्तंभ, महिने, सूची. आबा उठून पुढं गेले. पडद्याच्या अगदी जवळ. बोट उचललं, खाली नेलं, आणि ते तिथंच थांबलं. कुठून सुरू करावं हे त्यांना कळेना.

‘‘बिरू,’’ ते म्हणाले, ‘‘ह्यात आपली वाट कुटं हाय रं?’’

गुरुजींनी माझ्याकडं पाहिलं. अजून वेळ होता, नाही का? त्यांच्या लॅपटॉपमध्ये जुना आलेख नसेल, पण माझ्याकडं होता, त्यांनी मेलनं पाठवलेला. एका वाक्याचं काम होतं. मी उठले – आणि आबांना स्तंभ समजावून सांगितले. हा कार्तिक, हा मार्गशीर्ष, उंच म्हणजे मुक्काम जास्त. आबांनी मान हलवली.

‘‘आसंल,’’ म्हणाले. ‘‘आसंल बाई. आमाला कुटलं कळतंय.’’

आणि मागं जाऊन बसले. घोंगडं मांडीवर घेऊन, शेवटपर्यंत.

मी पुण्याला गेले. निळी साडी नेसले. टाळ्या मिळाल्या, खूप मिळाल्या. त्या स्टेजवरून उतरताना मला दोरी आठवली का? खरं सांगू – नाही. मी त्या दिवशी नुसती आनंदात होते. पुढं ठिकठिकाणाहून शिकवायची बोलावणी आली, कारखान्यात मान वाढला, साहेब लोक मला विचारून निर्णय घ्यायला लागले. दोरी आठवायला लागली ती दोन-तीन वर्षांनी, एकदा भाजी निवडताना, काही कारण नसताना.

गुरुजी माझ्यावर कधी रागावलेच नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. उलट निवडीनंतर म्हणाले, ‘‘ताई, तुमी नसता तर मी तसला उभा आलेख घेऊन गेलो आसतो आन्‌ फजिती झाली आसती. मी तो पुसूनच टाकला.’’ मी म्हणाले, ‘‘अहो, शिकतोच की आपण सगळे.’’ असं म्हणाले मी.

गेल्या वर्षी गुरुजींनी आटपाडीला स्वतःचा गट काढला. पहिल्या बैठकीला पाहुणी म्हणून मला बोलावलं. शाळेचाच वर्ग, पंधरा-वीस तरुण मुलं-मुली, पुष्पगुच्छ, नारळ, शाल. फळ्यावर गुरुजींनी सुवाच्य अक्षरात नियम लिहिले होते आणि पहिलाच होता – ‘वेळ नेहमी डावीकडून उजवीकडे.’ खाली कंसात माझं नाव. शाल अंगावर घेऊन मी त्या फळ्याखाली फोटो काढून घेतला. एका मुलीनं विचारलंही, ‘‘मॅडम, नेहमीच का?’’ गुरुजी माझ्या आधी म्हणाले, ‘‘ताईंनी शिकवलंय मला. चुकायचं न्हाई.’’ मी त्या मुलीकडं बघून हसले.

जेवण गुरुजींच्या घरी. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, वर ताक. धुळाआबा आता कळपाबरोबर जात नाहीत, त्यांना दिसत नाही फारसं. ओसरीत बसलेले असतात. मला वाटलं, ओळखणार नाहीत. आवाजावरून ओळखलं. ‘‘कराडच्या बाई न्हवं?’’ म्हणाले. मी पाया पडले. त्यांच्या डोक्यावरच्या खुंटीला ती टांगलेली होती. शेवटच्या वाटेची दोरी. काळपट, लोकरीचा वास असलेली.

गुरुजी आत ताक आणायला गेले होते. आबांनी चाचपत ती खुंटीवरून काढली, माझा हात धरला आणि दोरीच्या खालच्या टोकावर नेऊन ठेवला.

‘‘वाचा की,’’ म्हणाले.

मी वाचली. खालून वर, बोटानं. इथं निघालात. इथं लांबची चाल झाली. इथं कुणाच्यातरी शेतात बरेच दिवस बसलात. इथं तीन कोकरं झाली, लागोपाठ. इथं एक गेलं. मग पुन्हा लाल. मग शेवटची गाठ, आणि पुढं मोकळी दोरी. मी मध्ये कुठं अडखळले नाही. आबा मान हलवत होते, प्रत्येक गाठीला, चेहरा सगळा फुललेला.

‘‘बराबर,’’ ते म्हणाले. ‘‘आवं, तुमाला तर येतंय की.’’

‘‘व्हय आबा,’’ मी म्हणाले. ‘‘येतंय.’’

तेवढ्यात गुरुजी ताक घेऊन आले. मी दोरी खुंटीला लावली आणि पुन्हा जेवायला बसले.

मला तेव्हाही येत होतं.