आधी पाणी, मग पावडर
जावाजावा उभा दावा म्हणतात, पण आमच्यात दावा नव्हता. उलट धाकट्या जावेला कामाला मीच लावलं. मळवली स्टेशनाच्या अलीकडे-पलीकडे बंगले आहेत, त्यांतला एक आम्ही नवरा-बायको बारा वर्षं सांभाळतो. साहेब मुंबईला राहतात. शेजारच्या बंगल्याच्या मॅडमना बाई हवी होती, तेव्हा मी जावेचं नाव सांगितलं. तिचा नवरा परंदवडीकडे कारखान्यात जातो, ती दिवसभर मोकळीच असायची.

तिला पोहण्याच्या टाकीचं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मी शिकवलं. बाटलीत पाणी घ्यायचं, तपासणीच्या औषधाचे थेंब टाकायचे, रंग बघायचा. पाण्याला उग्र वास आला की पाहुणे म्हणतात औषध, म्हणजे क्लोरीनची पावडर, जास्त झालं, तर तसं नसतं, बहुतेकदा ते कमीच पडलेलं असतं. आणि बादलीत आधी पाणी, मग पावडर. पावडरीवर पाणी ओतलंस तर तोंडावर उडेल, डोळ्यांना मुकशील. मला हे कुणी बसवून शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी टाकी साफ करायला एक माणूस यायचा, त्याच्या मागे मागे फिरून मी उचललं.

गेल्या वर्षी एका प्रशिक्षण संस्थेनं बंगलेवाल्या मालकांना एकत्र बसवलं. बंगला सांभाळणाऱ्याला काय काय आलं पाहिजे ते मालकांनीच सांगायचं, त्यावरून यादी बनणार, यादीवरून परीक्षा, आणि पास होणाऱ्याला सरकारमान्य सर्टिफिकेट. साधं आणि वरचं, अशा दोन पायऱ्या. कुणाला कुठल्या पायरीला बसवायचं ते त्याचा मालक काम लिहून देईल त्यावर. वरची पायरी ज्याच्याकडे असेल त्याला सहा बंगल्यांवर सुपरवायझर नेमायचं, असंही मालकांचं ठरलं. ती जागा मला हवी होती. लाजायचं काय त्यात, हवीच होती.

मॅडमनी जावेला व्हरांड्यात बसवून एक अख्खी दुपार विचारलं, तू काय काय करतेस. आमच्या साहेबांनी तेच विचारायला फोन केला. फोन आमच्या ह्यांच्याकडे. आमच्यात पुरुषमाणूस घरात असताना बाई साहेबाशी बोलत नाही. मी शेजारी उभी राहून सांगायचे, हे फोनमध्ये म्हणायचे, "साहेब, मोटर बगितली मी. औषध टाकलं मी." बारा वर्षं हेच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. नवऱ्याचं नाव झालं म्हणजे आपलंच झालं. त्या दिवशी मी चुलीपुढे भाकरी थापत होते. हे म्हणाले, "टाकी, मोटर, बाग माज्याकडं. मंडळी झाडलोट, सैपाक करत्यात." मी ऐकलं आणि भाकरी उलटली.

महिन्याभरानं छापील यादी आली. जाव पायरीवर बसून मला वाचून दाखवत होती. "द्रावण तयार करताना बादलीत आधी पाणी, मग पावडर."

"परत वाच," मी म्हटलं.

तिनं वाचलं. माझं वाक्य होतं ते, माझ्या तोंडचं. माझ्याकडून जावेकडे, जावेकडून मॅडमकडे, तिथून सरकारच्या कागदावर. आता गावोगावच्या पोरी ते पाठ करणार. आणि यादीला जोडलेल्या कागदावर आमच्या साहेबांनी माझ्या नावापुढे लिहिलं होतं, झाडलोट, स्वयंपाक. म्हणजे साधी पायरी. वरच्या पायरीला आमच्याकडून हे बसणार, मॅडमकडून जाव. करून गेला गाव आणि कांदळकराचं नाव, ते असं.

परीक्षा मॅडमच्या बंगल्यावर झाली. माझी पाच मिनिटांत उरकली, मला चादर घालायला लावली. मग कठड्याला टेकून बघत राहिले. ह्यांनी रिकाम्या बादलीत पावडर ओतली आणि वर पाणी ओतायला तांब्या उचलला. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी हात धरला म्हणून बरं. ज्याच्या नावावर होतं त्याला येईना, आणि जिला येत होतं तिला कुणी विचारीना. जावेनं मात्र सगळं झकास केलं. बाटली डोळ्यांसमोर धरून मान तिरपी करायची माझी सवय आहे, तिनं तीसुद्धा उचललेली. बाईंनी तिची पाठ थोपटली. नापास हो, असं मी मनात म्हटलं. सख्ख्या जावेला म्हटलं. पास झाली. सुपरवायझरही झाली.

त्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा मी हात पुढे केला. हे म्हणाले, "मी बोलतो की."

"लय बोललासा," मी म्हटलं आणि फोन घेतला.

"हॅलो, कोण बोलतंय?" साहेब म्हणाले.

बारा वर्षं त्या माणसाचं घर मी सांभाळलं, आणि त्याला माझा आवाज माहीत नव्हता. मी कोण ते सांगितलं. टाकी कोण बघतं, मोटर कोण बघतं, तेही सांगितलं. हे उंबऱ्यात खाली मान घालून ऐकत होते. साहेब म्हणाले, "मला आधी का नाही सांगितलंत?"

परीक्षेच्या दुसऱ्या फेरीसाठी साहेबांनी नवा कागद पाठवला. सगळं काम माझ्या नावावर, वरच्या पायरीसाठी. पण आता कागदावर सुपरवायझरचीही सही लागते. जाव फाईल घेऊन आली, आमच्याच ओट्यावर बसली आणि लिहिलं, 'यांचं काम मी स्वतः पाहिलं आहे.'

"पायलंय व्हय?" मी म्हटलं. "शिकलीयास असं लिही."

"जाऊबाई, तसा रकाना न्हाई ह्यात."

"मग कडंला लिही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'मला हे काम यांनीच शिकवलं,' आणि सही केली. जळफळाट थांबला का? नाही थांबला. आजही ती फाईल काखेला मारून रस्त्यानं गेली की मी तोंड फिरवते. हे म्हणाले, "आन तो कागद, मी देतो हापिसात." मी दिला नाही. पदर खोचला आणि माझा मीच नेऊन दिला.